आठ बादल्या वाळू

मी घरं शिवतो. कुणी विचारलं की मी असंच सांगतो. समोरचा माणूस 'घरं' एवढंच ऐकतो, मला बिल्डर समजतो आणि खुर्ची पुढे करतो. मग 'शिवतो' त्याच्या ध्यानात येतं, पण तोवर मी बसलेलो असतो.

सुरतेजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. तिथे तंबू बनतात. सर्कशीचे किंवा लग्नाचे नव्हेत. लोक सुट्टीला नदीकाठी, जंगलात जातात आणि पैसे मोजून पंखा नसलेल्या जागी झोपतात, त्यांच्यासाठीचे. सव्वीस वर्षं हेच काम. मशीनवर बसलो तेव्हा केस होते, आता चष्मा आहे. हुद्दा सुपरवायझरचा. म्हणजे स्वतः शिवायचं, आणि दुसऱ्यानं वाकडं शिवलं तर शेठची बोलणीही स्वतःच खायची.

एवढे तंबू शिवले, पण या वर्षीच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्यातल्या एकातही मी झोपलो नव्हतो. मिठाईवाला मिठाई खात नाही म्हणतात, पण तो निदान वास तरी घेतो. मला तेही नाही. नव्या तंबूला फक्त रबराचा आणि रसायनाचा वास येतो. शेवटी जी एक रात्र झोपलो, खरं तर झोपलो नाही, तिच्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी थोडा धंदा सांगतो, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळणार नाही.

तंबूचं कापड पाणी अडवतं हे खरं, पण ते शिवताना आपण त्याला हजारो भोकं पाडतो. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ. ते सगळे नळ बंद करणं हा आमचा धंदा. शिवण दुमडून दोन सुयांच्या मशीनवर घालायची, मग आतून तिच्यावर गरम पट्टी चिकटवायची. तयार तंबू अंगणात उभा करायचा, आत जमिनीवर कोरडं वर्तमानपत्र अंथरायचं आणि बाहेरून पाइपानं अर्धा तास पाणी मारायचं. मग आत शिरून वर्तमानपत्र वाचायचं. बातम्या नाही, डाग. डाग पडला की त्याच्या बरोबर वरची शिवण उसवायची. आमच्या धंद्यात ओल दिसली की माल परत, एवढा एकच कायदा आहे.

माझी बायको निर्मला म्हणते, "दुनियेला घरं शिवून देता. आपल्या गॅलरीच्या पडद्याची कडी तीन पावसाळे तुटलेली आहे." डिंडोलीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि गॅलरीत अजूनही पावसाचं पाणी येतं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका फार्महाउसवाल्यांनी दहा तंबू नेले आणि आठवड्यात फोन केला, की तंबूचं दार पूर्वेला नाही. मी म्हटलं, "काका, तंबू आहे. खुंट्या काढा, फिरवा." ते म्हणाले, "मग आधीच पूर्वेचा का नाही शिवला?" शेवटी मी प्रत्येक तंबूच्या दारावर लाल धाग्यानं बाण शिवून दिला आणि खाली लिहिलं, 'पूर्व'. काका इतके खूश झाले, की त्यांनी आणखी चार तंबू मागवले आणि सांगितलं, "पण हे उत्तरेचे."

आता ती चूक.

मांडवीच्या पुढे, तापीच्या काठावर, एक शिबिराची जागा आहे. आमच्याच कारखान्याचे बारा तंबू तिथे होते, थेट नदीच्या वाळूत लावलेले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात तिथून तक्रार आली. शेठ मशीनपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुखदेवभाई, वरसाद नथी ने टेन्ट गळे छे!"

पाऊस नाही आणि तंबू गळतो. सव्वीस वर्षांतला हा माझा सगळ्यात मोठा अपमान. मी पट्टीचं रीळ, कात्री आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन निघालो. तिथे एक रामसिंगभाई होते, जवळच्याच पाड्यावरचे. जागेची राखण, स्वयंपाक, पाहुण्यांना नदी दाखवणं, सगळं तेच करायचे. त्यांनी मला 'साहेब' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं, आणि इथेच माझं बिघडलं.

सकाळी तंबूत शिरून बघितलं तर खरोखर छताला आतून थेंब लोंबत होते. पाहुणे पांघरूण झटकत बसलेले. मी शिवण अन् शिवण तपासली. एकही नळ उघडा नव्हता. मग दुसऱ्या रात्री एका तंबूत चौघे झोपले होते, त्याच्या शेजारचा एक मी रिकामा ठेवून बंद केला. सकाळी चौघांचा ओला, रिकामा जवळजवळ कोरडा. उलगडा झाला. ते पाणी बाहेरचं नव्हतंच. झोपलेल्या माणसांचे श्वास रात्रभर वर जात होते, थंड कापडाला लागून थेंब होत होते आणि त्यांच्याच अंगावर परत पडत होते. मी तंबू इतका चांगला शिवला होता, की माणसाच्या श्वासालाही बाहेर जायला वाट ठेवली नव्हती.

उपाय एका ओळीचा होता: छताला दोन बाजूंनी हवेचे झरोके पाडा. पण दोन दिवसांचा भत्ता घेऊन गेलेला माणूस एका ओळीचा रिपोर्ट कसा देणार? 'साहेब' म्हणवून घेतलं होतं ना! म्हणून मी खाली आणखी एक मुद्दा लिहिला: 'वाळूतून ओल वर येते, तसेच वाळूत खुंटी धरत नाही. सबब सर्व तंबू नदीपात्रातून काढून वर काठावर सिमेंटच्या ओट्यांवर लावावेत.'

रामसिंगभाई वाचून म्हणाले, "साहेब, रेत में तो लोगों को मजा आता है. छोकरां दिवसभर खेलते हैं."

मी चष्मा पुसत म्हणालो, "टेक्निकल बाब आहे."

त्या दोन रात्री मी झोपलो कुठे? तर रामसिंगभाईंच्या कोठीत, कांद्याच्या पोत्यांशेजारी. तंबू गिऱ्हाइकांसाठी होते.

आता आप्पा. आप्पा माझा मोठा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. खानदेशातून तो आधी सुरतेला आला, मग मला घेऊन आला. मी सचिनला लागलो, तो बमरोलीत पॉवरलूमवर. एका माणसानं बारा माग सांभाळायचे, बारा तास. मागाच्या खडखडाटात माणूस बोलत नाही, खुणा करतो. पंधराएक वर्षांत आप्पाचे कान कमी झाले आणि तीस वर्षं भरता भरता गेलेच. त्याला फोन करून उपयोग नसतो, माणूस पाठवावा लागतो. तो स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं बोलतो, की डिंडोलीतल्या आमच्या सगळ्या घरगुती गोष्टी तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहेत.

गंमत अशी, की आमच्या कारखान्यात येणारं पुष्कळसं कापड त्याच्याच शेडमधून यायचं. तो विणणार, मी शिवणार, आणि झोपायला तिसरेच. आप्पा हसून म्हणायचा, "आपण दोन्ही भाऊ निस्ता बिछाना घालाना धंदामा."

पण लहानपणी आम्ही त्यातलेच तिसरे होतो. आमचं गाव तापीकाठी. होळी झाली की नदी आकसायची आणि मैल-मैल वाळू उघडी पडायची. वडील त्या वाळूत डांगराची वाडी लावायचे. डांगर म्हणजे खरबूज. वाळूत खड्डे करायचे, खत घालायचं, घागरीनं पाणी द्यायचं. फळ धरलं की राखणीला आम्ही सगळे नदीतच मुक्कामाला. तुराट्यांची एक खोपी होती, पण तिच्यात भांडी राहायची, माणसं नाही. माणसं वाळूत. आता पाहुणे ज्याला कॅम्पिंग म्हणतात ते आम्ही दोन महिने करायचो, आणि आम्हाला कुणी जेवणाची वेळही सांगायचं नाही.

वाळूत झोपायची रीत असते. सपाट वाळू दगडासारखी टोचते. म्हणून आधी हातानं खळगे करायचे, एक खांद्याला, एक कुल्ल्याला, टाचांना थोडं, आणि डोक्याखाली उंचवटा. वाळू आधी ऊबदार लागते, मग हळूहळू गार होत जाते. आप्पा आधी माझे खळगे करायचा, मग स्वतःचे. मी पाच-सहा वर्षांचा. कोल्हे डांगरं खायला यायचे. आप्पा मला आतल्या बाजूला झोपवायचा आणि स्वतः नदीकडच्या बाजूला.

आम्ही सुरतेला आल्यावर काही वर्षांनी गावाखाली बंधारा झाला. गावाला बारमाही पाणी आलं, लोकांचं भलं झालं. पण वाळू पाण्याखाली गेली ती गेलीच. इकडे सुरतेत नदी आहे, पण काठावर फरशी. आप्पा सुट्टीच्या दिवशी पुलावरून वाकून बघायचा आणि घरी येऊन तेच म्हणायचा, "सुक्या, माले एक रात तापीनी रेतीमा निजानं शे. बस."

आणि मी म्हणायचो, "तंबूचा धंदा कुणाचा? माझा. मग सोय माझी. पुढल्या सीझनला नक्की."

हे 'पुढल्या सीझनला' मी चौदा वर्षं म्हटलं. सीझनला आम्हाला ओव्हरटाइम असतो आणि सीझन नसला की जागा बंद. असंच चालत राहिलं. यंदा फाल्गुनात आप्पाच्या मालकानं जुने माग भंगारात काढले. नवी मशीनं आली, त्यांना नवी पोरं लागतात. आप्पाचे गुडघेही बोलायला लागले होते. त्यानं ठरवलं, आखाजीला गावी जायचं ते कायमचं, मुलाकडे. मला त्यानं काही आठवण करून दिली नाही. बॅग भरता भरता फक्त एकदा पुलावर जाऊन आला. मला तेवढं पुरलं. आता 'पुढला सीझन' उरलाच नव्हता.

मुलीनं, हर्षदानं, फोनवर बुकिंग केलं. मांडवीच्या पुढचीच ती जागा. बुकिंग करताना ती म्हणाली, "पप्पा, आमां 'रिव्हर व्ह्यू' लखेलुं छे." मी म्हटलं, "मग? नदीवरच आहे ती." ती म्हणाली, "व्ह्यू म्हणजे दिसते, पप्पा. नदीवर म्हणत नाहीत ते." मी तिला धंद्यातलं शिकवू नकोस म्हणालो.

आखाजीच्या आठ दिवस आधी आम्ही तिघं निघालो: आप्पा, निर्मला आणि मी. आप्पानं नवं धोतर नेसलं होतं. वाटेत तो गप्प होता, म्हणजे त्याच्या हिशेबानं गप्प. बसमधल्या फक्त पुढच्या दोन बाकांना ऐकू जात होतं.

फाटकातून आत शिरलो. काठावर उंच जागी हिरवळ. हिरवळीत एका ओळीत बारा सिमेंटचे ओटे, चकाचक, कडेला चुन्याच्या पट्ट्या. ओट्यांवर माझेच तंबू, छताला झरोके. समोर लोखंडी कठडा, आणि कठड्याच्या खूप खाली तापी, आणि तिच्या कडेनं वाळूची पांढरी पट्टी.

माझ्या रिपोर्टातला दुसरा मुद्दा त्यांनी तंतोतंत पाळला होता.

आप्पानं तंबू बघितला, ओटा बघितला, पायानं सिमेंट ठोकून बघितलं. मग सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं विचारलं, "सुक्या, रेती कोठे शे रे?"

रामसिंगभाई पळत आले. त्यांचे केस पिकले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. "अरे, साहेब! आओ, आओ." आणि आप्पाकडे वळून, मोठ्या अभिमानानं: "काका, ये सब इन्हीं साहेब ने करवाया. पहले सब रेत में था."

आप्पाला ऐकू गेलं नाही. पण त्यानं रामसिंगभाईंचा हात आधी ओट्याकडे, मग माझ्याकडे जाताना बघितला, आणि तीस वर्षं खुणांनी बोललेल्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. तो माझ्याकडे वळला. "हाई तुनं काम शे?"

मी मान हलवली. सव्वीस वर्षांत इतक्या लोकांनी माल परत केला, पण मान खाली घालावी लागली ती तेव्हाच.

आप्पा रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि म्हणाला, "काम चोख शे. सिमेंटले चीर नही."

मी रामसिंगभाईंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, एका रात्रीसाठी खाली वाळूत झोपू द्या. त्यांनी कानाला हात लावला. वरच्या धरणातून कधीही पाणी सोडतात, म्हणून अंधार पडल्यावर खाली कुणी उतरायचं नाही. पाणी सोडायच्या आधी भोंगा होतो. मी म्हटलं, भोंगा झाला की आम्ही वर येऊ. ते आप्पाकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, सायरन वागे तो काकाने संभळाशे?"

ऐकू येणार नव्हतं. दिवसाउजेडी त्यांनी आम्हाला खाली नेलं. आप्पा अर्धा तास वाळूत बसला, मूठ भरून वाळू सोडत राहिला. मग शिट्टी झाली आणि सगळे पाहुणे वर आले. आप्पाही आला. पायरीवर त्यानं वहाणा झटकल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

जेवणं झाली. मी ओट्यावर बसून स्वतःला शिव्या देत होतो. निर्मला तंबूत पथाऱ्या घालत होती. मध्येच बाहेर आली, तंबूशेजारच्या लोखंडी घोडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे काय आहे?"

मी बघितलं. आग विझवायच्या लाल बादल्या. प्रत्येक ओट्याशेजारी एका घोडीवर चार. "फायरच्या बादल्या. नियम आहे."

"त्यांच्यात काय आहे?"

"वाळू असते."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? इथलीच. नदीची."

"मग?" ती म्हणाली. "मला वाटलं रवा असेल."

सव्वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट बजावत आलो आहे: तंबूत वाळू नेऊ नका. चेनमध्ये वाळूचा कण गेला की तंबू संपला. आता मी स्वतः आमच्या घोडीवरच्या चार आणि शेजारच्या रिकाम्या तंबूच्या चार अशा आठ बादल्या एकेक करून माझ्याच हातच्या तंबूत ओतल्या. आत पसरल्यावर जेमतेम एका माणसापुरती वाळू झाली, वीतभरही जाड नाही. बाहेर रामसिंगभाई कंदील घेऊन चालले होते. ते रिकाम्या बादल्यांपाशी थांबले.

"साहेब, आग लगी तो?"

"आधी आप्पाला उठवा," मी म्हणालो. "सगळी वाळू त्याच्याखाली आहे."

ते कंदील घेऊन पुढे गेले, आणि मग बराच वेळ त्यांचं हसू ऐकू येत राहिलं.

आप्पाला मी हाताला धरून आत आणलं. तो दारातच थबकला. आधी त्यानं सवयीनं तंबूचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाला, "बमरोलीनं शे." मग खाली बघितलं. बसला, आणि काही न विचारता खळगे करायला लागला. गुडघे दुखत होते, पण हात झरझर चालत होते. एक खांद्याचा, एक कुल्ल्याचा. वाळू कमी होती म्हणून कुल्ल्याच्या खळग्यात सिमेंट लागत होतं. तिथे त्यानं उपरणं दुमडून घातलं.

मी त्याच्या शेजारी, ओट्यावर, सतरंजीवर पडलो. निर्मला पलीकडे. नदीचा आवाज येत होता. आप्पाला तो येत नव्हता आणि मला सांगताही येत नव्हता. वर कापड, त्याच्या ताण्या-बाण्यात आप्पाचे हात, शिवणीत माझे. दोघांनी मिळून इतकं मोठं पांघरूण केलं होतं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आम्ही त्याच्याखाली होतो.

थोड्या वेळानं आप्पा परत उठून बसला. मला वाटलं, टोचतंय. पण तो त्याच्या कडेची उरलेली वाळू ओढून आणून माझ्या बाजूला, माझ्या सतरंजीला लागून पसरत होता. पसरून झाल्यावर त्यानं तिच्यात एक खळगा केला, लहान, दोन ओंजळींचा. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या कुल्ल्याएवढा. करताना त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. ते हात एकटेच काम करत होते.

मग तो नदीकडच्या बाजूला सरकला, मला पाठ करून आडवा झाला आणि हळू बोलला. आप्पाचा हळू आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"आठे निज, सुक्या. तथा कोल्हा येस."

इथे झोप, तिकडे कोल्हा येतो.

आणि लगेच तो घोरायला लागला.

त्या खळग्यात माझं काय मावणार? मी बावन्न वर्षांचा, पंचाऐंशी किलोचा सुपरवायझर. मी त्यात हात ठेवला. वाळू अजून ऊबदार होती. पुढे ती गार होत गेली तसतशी मला तळव्याला कळत गेली. मी जागाच होतो. पहाटे छताकडे बघितलं. उन्हाळा होता, झरोके होते, एकही थेंब नव्हता. तरी मला चष्मा पुसावा लागला.

सकाळी आप्पा ताजातवाना उठून चहा प्यायला गेला आणि मी वाळू भरायला बसलो. सात बादल्या नीट भरल्या. आठवी अर्धीच. मी सतरंजी झटकली, कोपरे पुसले, वाळू काही सापडेना. निर्मलानं मला खूण केली. कठड्यापाशी आप्पा उभा होता. त्याच्या काखेत उपरण्याचं एक गाठोडं होतं, चांगलं वजनदार, आणि चेहरा असा, की जणू ते गाठोडं त्याचं नाहीच.

मी रामसिंगभाईंना खरं ते सांगितलं, की आठवी बादली अर्धी आहे आणि उरलेली माझा भाऊ घेऊन चाललाय. ते म्हणाले, "हूं भरी दईश. नदी क्यां दूर छे?" मग म्हणाले, "साहेब, एक बात बोलूं? वो रेत से ओल नहीं आता था." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "मने पण तभी मालूम था."

आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पा गेला. मी त्याला उधन्याहून बसमध्ये बसवून दिलं. बॅग त्यानं वरच्या फळीवर टाकली, पण गाठोडं मांडीवर ठेवलं. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? आप्पाला ऐकू गेलं नाही, आणि या वेळी मला वाटतं त्यानं ऐकून घेतलं नाही. बस सुटली. तापी इतकी वर्षं जे वरून खाली आणत आली, त्यातलं थोडंसं आप्पा बसनं परत वर घेऊन चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलानं फोनवर एक फोटो पाठवला. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून ठेवतात, आणि तिच्या तोंडावर लहान मडकं, त्याच्यावर एक डांगर. घागर कलंडू नये म्हणून खाली वाळू घालतात. लहानपणी आम्ही ती वाडीतूनच आणायचो. पुढे वाळूच नाही म्हणून घागर कापडाच्या चुंबळीवर बसायची. फोटोत चुंबळ नव्हती. वडिलांची घागर वाळूवर बसली होती, वर पिवळं डांगर, आणि शेजारी आप्पा, मांडी घालून, नव्या धोतरात.

नवी घागर पाझरतेच. फोटोत खालच्या वाळूवर गोल, काळसर ओल दिसत होती.

आमच्या धंद्यात ओल दिसली की माल परत. मी सवयीनं फोटो बोटांनी मोठा करून त्या डागावर थांबलो. निर्मलानं विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही, कुठून गळतंय ते बघतोय. ती म्हणाली, "गळू द्या की." मग मी फोन उचलून आप्पाला लावला. त्याला ऐकू येत नाही हे घंटी वाजायला लागल्यावर आठवलं, तरी मी तो लगेच ठेवला नाही.